बचाव हेलिकॉप्टरचा ब्रॅकेट भोसरीत बनेल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भोसरी एमआयडीसीत तुमचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशिनं), एक टर्निंग सेंटर, आयएसओ ९००१ हे गुणवत्ता प्रमाणपत्र झालेलं, आणि आजवरचं सगळं काम गाड्यांच्या पार्टचं. ओळखीच्या एका पुरवठादारानं किनाऱ्यावरच्या बचाव हेलिकॉप्टरचा म्हणून ॲल्युमिनियमचा एक ब्रॅकेट आणि त्यातला झिजलेला बुश (भोकात दाबून बसवायची धातूची नळी) आणून टेबलावर ठेवला. ड्रॉइंग नाही. "यावरून मापं घ्या आणि दहा नग द्या," म्हणाला. तुम्ही विचारताय, बनवू का? नाही तर या धंद्यात रीतसर शिरायचं कसं? आणि जाता जाता हेही, की एवढ्याशा तुकड्याला मूळ कंपनी एवढे पैसे कशाचे लावते?

माझी नोकरी समुद्रावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर पुण्यात आहे आणि इथल्या काही छोट्या कारखान्यांना विमानाच्या कामासाठी लागणारी शिस्त बसवून द्यायला मदत करतो. त्यामुळे हँगरची बाजूही पाहिली आहे आणि तुमच्यासारख्यांच्या शॉपफ्लोअरचीही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. तो ब्रॅकेट नमुन्यावरून बनवू नका. पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा: पार्ट नंबर काय, ड्रॉइंग कोणाकडून मिळणार, आणि माल तपासून स्वीकारल्याची सही कोण करणार. या तिन्हींची नीट उत्तरं मिळाली तर बोलणी पुढे न्या. "ते बघून घेऊ हो, तुम्ही बनवा तर खरं" असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या. आणि वस्तू परत देताना ती घासून, कडा साफ करून, चकाचक करून देऊ नका. जशी आली तशीच द्या. झिजेच्या खुणा कुणाला तरी अभ्यासायच्या असू शकतात, आणि ती वस्तू तुमच्या टेबलापर्यंत कशी आली हा प्रश्नही कुणी तरी विचारू शकतं.

आता खरी गोम. तुमचा न विचारलेला प्रश्न मला असा दिसतो: "मी दहा मायक्रॉन धरतो, सीएमएमचा (अचूक मापं घेणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट देतो, मग एवढ्यानं का भागत नाही?" याचं उत्तर समजलं की किमतीचं कोडंही आपोआप सुटेल.

त्याआधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. हेलिकॉप्टर कोणाचं, यावर कायदा बदलतो. नौदल आणि तटरक्षक दल यांच्या विमानांची उड्डाणयोग्यता संरक्षण खात्याच्या व्यवस्थेत येते. बेंगळुरूची सेमिलॅक ही संस्था डिझाइन आणि बदल मंजूर करते, आणि डीजीएक्यूए प्रत्यक्ष बनलेल्या मालाची गुणवत्ता तपासते. पूर्वी या सगळ्याची कार्यपद्धती डीडीपीएमएएस २००२ या दस्तऐवजात होती, आता तिची जागा आयएमटीएआर-२१ नं घेतली आहे. मुंबई हायच्या तेल विहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं मात्र नागरी. त्यांना डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचे नियम, आणि तिथं रीतसर प्रमाणपत्राशिवाय एक वॉशरसुद्धा बसत नाही. त्यामुळे "हेलिकॉप्टरचा पार्ट" एवढंच सांगितलं तर मला निम्मंच कळतं.

यंत्र कुठलं, हाही प्रश्न आहेच. चेतक म्हणजे फ्रेंच आलुएत ३, जिचं पहिलं उड्डाण १९५९ सालचं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ती परवान्यावर आपल्याकडे बनवली. एक इंजिन, तीन पात्यांचा रोटर, सगळं मिळून वजन २२०० किलोपर्यंत. तिचे कितीतरी भाग मूळ कारखान्यानं कधीच बंद केलेत, म्हणून तिथं देशी बनावटीला वाव आहे. दुसऱ्या टोकाला एएलएच मार्क ३, म्हणजे ध्रुव. तटरक्षक दलासाठी अशा १६ हेलिकॉप्टरांचा करार मार्च २०१७ मध्ये झाला. दोन शक्ती इंजिनं, चाकांचं अंडरकॅरेज, सागरी टेहळणीचा रडार, इलेक्ट्रो-ऑप्टिकल कॅमेरा, आत रुग्णासाठी अतिदक्षतेची सोय. ते आपल्याच देशाचं डिझाइन, त्यामुळे ड्रॉइंग देशातच आहे, पण ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ताब्यात. रस्ता तिथूनच जातो.

आता समुद्राबद्दल जरा सविस्तर, कारण घाटावरच्या माणसाला हे पटकन पटत नाही. भोसरीत माइल्ड स्टीलचा मशिन केलेला जॉब तेल न लावता रॅकवर चार दिवस राहिला तर फार तर तांबूस होतो. कुलाब्याला पावसाळ्यात हाच जॉब रात्रभर उघडा ठेवून बघा. आणि ती झाली जमिनीवरची गोष्ट. बचाव हेलिकॉप्टर काम काय करतं? लाटांच्या वर थोड्याच उंचीवर एका जागी तरंगत राहतं आणि खाली तार सोडतं. रोटरचा वारा खाली आपटतो, समुद्राचं पाणी बारीक फवाऱ्यासारखं उडतं, आणि तोच खारा फवारा वरून परत रोटरमध्ये आणि इंजिनात ओढला जातो. पुढे चाललेल्या हेलिकॉप्टरला रोटरमधून आयती हवा मिळते, तरंगताना ती मिळत नाही, म्हणून ताकद सर्वात जास्त लागते ती नेमकी याच वेळी. म्हणजे इंजिन सर्वात जास्त राबतंय, त्याच क्षणी सर्वात जास्त मीठ खातंय. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मिठाचा थर बसला की हवा कमी ओढली जाते, तेवढ्याच ताकदीसाठी तापमान वाढतं, आणि सर्ज व्हायला, म्हणजे इंजिनातली हवा उलटी फिरायला, फार अंतर उरत नाही.

म्हणून समुद्रावरून आलेलं हेलिकॉप्टर आधी गोड्या पाण्यानं धुतात. इंजिन बाहेरून फिरवून आत स्वच्छ पाणी सोडतात, मग सुकवतात, मग गंजरोधक फवारतात. हे सगळं करूनही चार महिन्यांनी एखादं पॅनेल उघडलं तर बोल्टच्या डोक्याखाली पांढरी पूड सापडतेच. बोटानं पुसली की जाते, पण तिच्याखाली ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेले असतात. त्या खड्ड्याच्या तळापासून पुढे तडा सुरू होतो. हेलिकॉप्टरमध्ये थरथर कायमची असल्यामुळे तडा एकदा सुरू झाला की त्याला वेळ लागत नाही.

तारेचं उदाहरण देतो. होइस्टची, म्हणजे माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राची, तार सुमारे पाच मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलची, आतल्या आणि बाहेरच्या लडी उलट दिशेनं वळलेल्या, म्हणजे वजन लटकल्यावर माणूस गरगर फिरू नये. समुद्रावरून आल्यावर ती पूर्ण बाहेर काढायची, गोड्या पाण्यानं धुवायची, आणि जाड हातमोजे घालून सुती फडक्यातून हळूहळू ओढायची. एखादा बारीक तंतू तुटला असेल तर तो फडक्यात अडकतो. डोळ्याला दिसत नाही, फडक्याला कळतं. हे काम घाईत कधीच होत नाही, आणि मी तरुण मुलांना होइस्टवर हेच सर्वात आधी शिकवत असे. ड्रमजवळ एक छोटं स्फोटक काडतूसही असतं. तार जहाजाच्या डोलकाठीत अडकली तर वैमानिक बटण दाबून ती कापतो. त्या काडतुसाला ठरलेलं आयुष्य असतं. वापरलं नाही तरी तारीख उलटली की बदलायचं.

हे सगळं कशासाठी चालतं, तेही सांगतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. त्यातली १८० हून अधिक वाचली, ती मुख्यतः नौदलाच्या जहाजांमुळे. त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर नावाचा दुसरा तराफा पालघरच्या बाजूला किनाऱ्याकडे भरकटला होता. त्यावरच्या १३७ जणांची सुटका झाली, आणि त्या कामात चेतक हेलिकॉप्टरं होती. साठच्या दशकापासून आपल्याकडे बनत आलेलं डिझाइन, एक इंजिन, आणि खाली खवळलेला समुद्र. अशा वेळी एखादं हेलिकॉप्टर एका ब्रॅकेटसाठी हँगरमध्ये उभं असेल तर त्याची किंमत कुठल्या इन्व्हॉइसवर येत नाही. म्हणूनच तुमच्या पुरवठादारासारखी माणसं घाईत असतात. घाई खरी असते, पण तिच्यावरचा उपाय नमुन्यावरून माप घेणं हा नव्हे.

आता तुमच्या ब्रॅकेटकडे. समजा तुम्ही सीएमएमवर तो अचूक मोजला. काय कळलं? आज त्याचं माप काय आहे ते. तो नवा होता तेव्हा काय होतं आणि त्यावर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती होता, हे कळलं नाही. बुशचं तर बोलायलाच नको. झिजल्यावर त्याचं आतलं माप गेलं, आणि दाबून बाहेर काढल्यावर बाहेरचंही बिघडलं. इंटरफिअरन्स, म्हणजे बुश भोकापेक्षा किती मोठा ठेवायचा, ते तुम्ही अंदाजानं ठरवणार. जास्त ठेवला तर ब्रॅकेटच्या भोकाभोवती कायमचा ताण राहतो. खारी हवा आणि कायमचा ताण एकत्र आले की काही ॲल्युमिनियम मिश्रधातू बाहेरून कुठलाही भार न येता आपोआप तडकतात.

हा मुद्दा जरा उलगडतो. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासलं आणि ७०७५ हा ॲल्युमिनियम मिश्रधातू आला असं धरू. तुम्ही बाजारात जाऊन ७०७५ टी६ ची प्लेट आणाल, कारण तीच सहज मिळते आणि तिची ताकदही जास्त. पण किनाऱ्यावरच्या भागांसाठी डिझायनर बऱ्याचदा टी७३ मागतो. मिश्रण तेच, फक्त एजिंग (उष्णता देऊन कडक करण्याची पद्धत) वेगळं. ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी, पण ताणाखाली गंजून तडकण्याला कितीतरी पटीनं जास्त दाद देणारं. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तर डोळ्यानं, वजनानं, स्पेक्ट्रोनं काहीच फरक कळणार नाही. फरक कळतो तो हार्डनेस आणि विद्युतवहन दोन्ही मोजून. टी६ साधारण ३३ टक्के आयएसीएस (शुद्ध तांब्याच्या तुलनेतलं विद्युतवहन) दाखवतं, टी७३ अडतीसच्या पुढे. एडी करंटचा हातात मावणारा मीटर असतो त्यासाठी. तुमच्याकडे तो नसेल, गाड्यांच्या कामाला लागतही नाही. पण "जास्त ताकदीचं मटेरियल वापरलंय साहेब" असं अभिमानानं सांगणारा कारखानदार इथं नेमकी चुकीची वस्तू देत असतो.

मूळ भाग फोर्जिंगचा होता की प्लेटमधून कापलेला, आणि त्यात धातूचे तंतू कुठल्या दिशेला होते, हेही मापावरून समजत नाही. प्लेटच्या जाडीच्या दिशेनं भार आला तर तोच धातू सर्वात कमकुवत असतो. पुढे पृष्ठभाग. ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्यानं चढवलेला ऑक्साइडचा थर) गंज थांबवतं, पण थकव्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराला, तोंड देण्याची ताकद कमी करतं, म्हणून कुठे ॲनोडायझिंग, कुठे नुसतं क्रोमेट आणि प्रायमर, हे डिझायनर हिशोब करून लिहितो. स्टीलचा बुश ॲल्युमिनियममध्ये बसवताना मध्ये ओलं सीलंट लावायचं असतं, नाहीतर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खर्ची पडतं.

उच्च ताकदीच्या स्टीलवर कॅडमियम प्लेटिंग असेल तर आणखी एक भानगड. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. तो बाहेर काढण्यासाठी प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत भाग भट्टीत गेला पाहिजे आणि सुमारे १९० अंश सेल्सिअसला बराच वेळ, पुष्कळदा २३ तास, राहिला पाहिजे. आपल्या भागात प्लेटिंगवाला एका गल्लीत, भट्टीवाला दुसरीकडे, आणि टेम्पो संध्याकाळी येणार. चार तास कुठे गेले ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बरं, असा बोल्ट तपासणीत उत्तम निघतो. घट्ट आवळून ठेवला की काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, डोकं तुटून पडतं.

उरतो कागद. अनुभवी मशिनिस्टला याचा सर्वात कंटाळा, आणि मला सर्वात जास्त वेळ याच्यावरच घालवावा लागतो. हेलिकॉप्टरच्या सुट्या भागासोबत त्याचा इतिहास यावा लागतो: कुठल्या हीटचा (एका वेळी वितळवलेल्या खेपेचा) धातू, मिलचं प्रमाणपत्र, कुठल्या भट्टीत कुठल्या तारखेला, कुणी तपासलं, आणि शेवटी त्याला सेवेत सोडल्याची रिलीज नोट. आयुष्य ठरलेल्या भागांना लॉग कार्ड असतं. काही भाग उड्डाणाच्या तासांवर मोजतात, काही उतरण्याच्या वेळांवर, काही नुसत्या कॅलेंडरवर. साध्या रबरी ओ-रिंगच्या पाकिटावरसुद्धा ती कुठल्या वर्षाच्या कुठल्या तिमाहीत क्युअर (उष्णतेनं पक्की) झाली ते छापलेलं असतं. लॉग कार्ड हरवलेला चांगला भाग हा हँगरमध्ये भंगारच असतो. मी असे भाग हातोडीनं ठोकून निकामी केलेले आहेत, कारण तसेच ठेवले तर कुणाच्या तरी अडचणीच्या रात्री ते परत वर चढतात.

कागद खोटा निघाला तर काय होतं, त्याचं नागरी जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले. शेपटीचा उभा पंखा धरून ठेवणाऱ्या बोल्टांमध्ये अस्सल नसलेले, योग्य ताकदीचे नसलेले बोल्ट सापडले. तरी ते विमानावर बसले होते.

आणि हेलिकॉप्टर तर विमानापेक्षाही नाजूक प्रकरण. विमानात एका भागाचा भार दुसऱ्यानं उचलावा अशी रचना पुष्कळ ठिकाणी करता येते. रोटरच्या वाटेवर तशी सोय फारशी नसते. मास्ट (रोटर फिरवणारा दांडा) एक, स्वॉशप्लेट (वैमानिकाचा आदेश फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी तबकडी) एक, पात्याचा कोन बदलणारी दांडी प्रत्येक पात्याला एकच. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं एएलएच कोसळलं, तिघांचा जीव गेला. तपासात स्वॉशप्लेटचा भाग तुटल्याचं समोर आलं आणि देशभरातली त्या प्रकारची हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवर राहिली. एका भागाच्या शंकेनं अख्खा ताफा थांबतो. म्हणून भागांची वर्गवारी करतात, आणि ज्याच्या तुटण्यानं हेलिकॉप्टर जातं तो भाग नवख्या कारखान्याला कुणी देत नाही. तुमचा ब्रॅकेट यात कुठे बसतो? तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला सांगता येणार नाही. सीट खालचा असेल तर एक गोष्ट, कंट्रोल रॉडचा बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारा तरफेसारखा भाग) धरणारा असेल तर दुसरी. दिसायला दोन्ही जुळे भाऊ असू शकतात.

किमतीचं आता बोलू. गाड्यांत तुम्ही पीपीएपी (उत्पादन सुरू करण्याआधीची मंजुरी) एकदा करता आणि तो खर्च लाखभर नगांवर वाटला जातो. इथं त्याच्यासारखंच फर्स्ट आर्टिकल (पहिल्या नगाची पूर्ण तपासणी) करायचं, कधी काही नग तोडून तपासायचे, सॉल्ट स्प्रेमध्ये ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या धुक्यात ठेवायचे, थकवा चाचणी मागितली तर तीही. आणि वर्षाची मागणी किती? पंधरा नग, कधी सहा. धातूची मिल मात्र पूर्ण प्लेटपेक्षा कमी द्यायला तयार नसते. शिवाय तुम्हाला पुढची कितीतरी वर्षं ते रेकॉर्ड जपायचं आहे. मूळ कंपन्या यावर नफाही बक्कळ लावतात, ते नाकारत नाही. पण नफा वजा केला तरी उरलेला आकडा गाडीच्या पार्टच्या जवळपासही येत नाही. उत्पादन बंद झालेल्या भागासाठी मग एकाचं काढून दुसऱ्याला लावणं सुरू होतं. एका हेलिकॉप्टरला दोनदा हात लावावा लागतो, दोन्ही वेळा काही तरी बिघडण्याची शक्यता असते, आणि ज्याचं काढलं ते हळूहळू कोपऱ्यात जाऊन बसतं.

मग शिरायचं कसं? माझा सल्ला कायम एकच असतो, जमिनीवरच्या वस्तूंपासून सुरुवात करा. टो बार, इंजिन बदलण्याची ट्रॉली, रोटरची पाती ठेवायचे स्टँड, इंजिन धुण्याचा रिग, जॅक, खास पाने, तपासणीचे गेज, बांधून ठेवायचे टाय-डाउन, इंजिनाच्या तोंडावरची झाकणं. या गोष्टी उडत नाहीत, म्हणून मंजुरीची वाट तुलनेनं सोपी. पण हँगरला त्यांची गरज रोजची, आणि परदेशी बनावटीच्या त्याही अवाच्या सवा महाग. पुण्याचं टूलरूम, फिक्श्चर आणि गेजचं कसब इथं थेट उपयोगी पडतं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात जे फिक्श्चर बनवणारे हात आहेत ते मला इतरत्र फारसे दिसले नाहीत, हे पुणेकर म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून सांगतो.

पण जमिनीवरचं म्हणजे सोपं असंही समजू नका. टो बारमध्ये एक शिअर पिन असते. ट्रॅक्टरनं हेलिकॉप्टर ओढताना जास्त जोर लागला किंवा वळण जास्त झालं तर ती मुद्दाम तुटते, म्हणजे पुढच्या चाकाचा पाय वाचतो. एका छोट्या कारखान्यानं आम्हाला दिलेल्या पिना तुटतच नव्हत्या. चौकशी केली तर कळलं, आधीच्या पिना "लवकर तुटतात" अशी तक्रार ऐकून मालकानं चांगल्या मनानं ईएन २४ हे जास्त ताकदीचं स्टील वापरून हार्ड केल्या होत्या. नशीब, पाय वाकण्याआधी एका हवालदाराला शंका आली. ड्रॉइंगवर पिन किती भाराला तुटली पाहिजे ते लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं. या धंद्यात स्वतःच्या अकलेनं केलेली सुधारणा म्हणजे दोष, ती लेखी मंजूर होईपर्यंत. गाड्यांच्या कामात तुम्ही रोज सुचवता आणि कौतुक होतं, इथं सुचवायला हरकत नाही, करायला आहे.

रीतसर दरवाजे उघडे आहेत. संरक्षण खात्याचं सृजन पोर्टल ऑगस्ट २०२० पासून चालू आहे. परदेशातून येणारे पण देशात बनू शकतील असे भाग त्यावर टाकलेले असतात, आणि तुमच्यासारख्या कारखान्याला त्यात रस दाखवता येतो. यादी चाळताना मोठ्या असेंब्लीकडे बघू नका. बुश, क्लॅम्प, ब्रॅकेट, फिटिंग, गॅस्केट, असल्या सटरफटर वाटणाऱ्या ओळी वाचा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विभागांची विक्रेता नोंदणी वेगवेगळी असते. हेलिकॉप्टरचं मुख्य काम बेंगळुरूला, तुमकुरूचा नवा कारखाना फेब्रुवारी २०२३ पासून, चेतकची दुरुस्ती-देखभाल बराकपूरलाही. नाशिकजवळचं ओझर जवळचं म्हणून पहिला फोन तिथं लावाल, पण तिथला भर लढाऊ विमानांवर. तरी विमानाच्या कामाची पद्धत शिकायला ते वाईट नाही.

आयएसओ ९००१ वरून एएस ९१०० ला, म्हणजे विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राला, जायला लागेल. प्रमाणपत्राचा कागद मिळवून देणारे सल्लागार पुण्यात पैशाला पासरी आहेत. त्यांच्याकडून फक्त कागद घेतलात तर पहिल्याच ऑडिटला उघडे पडाल. त्यापेक्षा आजपासून तुमच्या एका जॉबवर हे करून बघा: रॅकवरचा कुठलाही तयार नग उचला आणि तो कुठल्या हीटच्या बारमधून आला, कुठल्या ऑपरेटरनं, कुठल्या प्रोग्रॅमच्या कितव्या आवृत्तीवर, कुठल्या कॅलिब्रेशनच्या गेजनं तपासून केला, हे अर्ध्या तासात कागदावरून दाखवता येतं का बघा. उरलेले बारचे तुकडे रंगानं ओळखता येतात का, की एका पिंपात सगळे एकत्र पडलेत? बहुतेक ठिकाणी घोडं इथंच अडतं, मशिनवर नव्हे.

प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटसाठी नॅडकॅप (विमान उद्योगातल्या खास प्रक्रियांची मान्यता) असलेला किंवा ग्राहकानं मंजूर केलेला कारखानाच शोधा. शेजारच्या गल्लीतला कितीही ओळखीचा असला तरी नाही. चाचण्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. आणि गाड्यांची कामं सोडू नका, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची ही वेळ नाही. नोंदणीपासून उडणाऱ्या भागाची पहिली खरी ऑर्डर येईपर्यंत वर्षं जातात, त्यात पैसे फक्त बाहेर जातात. एक मशिन, एक तपासनीस आणि कागद सांभाळणारी एक व्यक्ती एवढंच या कामाला वेगळं काढता येत असेल तर उतरा. ती कागदवाली व्यक्ती मालकाचा भाचा नको, ज्याला "नाही, हा नग जाणार नाही" म्हणता येतं अशी हवी.

शेवटी पॅकिंग, कारण याच्याकडे कुणीच लक्ष देत नाही. उत्तम बनवलेला भाग घाट उतरून किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये जाईपर्यंत आणि तिथं दोन पावसाळे पडून राहीपर्यंत टिकला पाहिजे. प्रत्येक नग गंजरोधक कागदात, मग ओलावा न शिरणाऱ्या पिशवीत, सोबत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारी पट्टी. हातमोज्याशिवाय कुणी स्पर्श करायचा नाही, घामातही मीठ असतंच. पिशवी न उघडता वाचता येईल असं लेबल लावा, कारण स्टोअरमधला माणूस पार्ट नंबर बघायला पिशवी फाडतो आणि स्टेपलरनं बंद करतो. हा सगळा खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिहा. खरेदी अधिकारी भाव पाडायला बसला की पहिली कात्री तिथंच लावू पाहील, तिथं मात्र ऐकू नका.